पन्हळीवरची दिव्यांची माळ: लोंबते, अर्धी विझते, पावसात ट्रिप मारते

गणपतीला लावलेली माळ गौरीविसर्जनापर्यंतसुद्धा धड राहत नाही, ही कोकणातल्या उतरत्या छपराच्या घरांची जुनी तक्रार. पहिल्या संध्याकाळी पन्हळीच्या कडेने दिव्यांची छान सरळ रेघ दिसते. दोन जोरदार सरी येऊन गेल्या की मधे झोळ पडतो, पडवीच्या कोपऱ्यापासून पुढचे दिवे विझतात आणि ऐन आरतीला ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा बोर्डातला स्विच) पडून घरभर अंधार होतो. माळ नवी आणली तरी पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दिवाळीत हवा कोरडी असते म्हणून जरा निभावतं, पण त्याचीही खात्री नाही. २०१९ साली ऐन दिवाळीत अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ होतं आणि किनारपट्टीवर नरकचतुर्दशीचे कंदील पावसात भिजले होते.

शेजारीपाजारी आणि नात्यातल्या घरांच्या अशा बऱ्याच माळा उतरवून तपासल्यावर माझं मत ठाम झालं आहे. लोंबणं, विझणं आणि ट्रिप होणं या तीन वेगळ्या तक्रारी नाहीत. बहुतेक घरांत मूळ एकच असतं: माळेची बारीक वायर स्वतःचं वजन, वारा आणि पाणी हे सगळं एकटी झेलत असते. वजन आणि वारा दुसऱ्या तारेवर सोपवा, पाण्याला वायरवरून घरंगळत जोडात शिरू देऊ नका, आणि मग राहिलेल्या तक्रारी शोधायला सोप्या होतात.

ट्रिप होत असेल तर सगळ्यात आधी हे

बोर्डात नेमकं काय पडलं ते बघा. एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा छोटा स्विच) पडली असेल तर शॉर्ट किंवा जादा लोड. एलईडीच्या माळा अगदी थोड्या वॅटच्या असतात. चार-पाच माळा एकत्र लावल्या म्हणून ६ अँपिअरची एमसीबी पडत नाही. ती पडली तर पिनमध्ये किंवा एखाद्या जोडात फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी) एकमेकांना टेकले आहेत, असं धरून चाला.

ईएलसीबी किंवा नव्या बोर्डांतली आरसीसीबी पडली तर मात्र गोष्ट वेगळी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो आहे का, एवढंच ती बघते. घरगुती आरसीसीबीवर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं. तेवढा फरक पडला की तिने पडायलाच हवं, आणि निम्म्याच्या, म्हणजे १५ च्या पुढे ती कधीही पडू शकते. ती पडली याचा अर्थ करंट कुठूनतरी जमिनीकडे वाट काढतो आहे. कधी ओल्या भिंतीतून, कधी पन्हळीतून, कधी शिडीवर उभ्या असलेल्या माणसातून.

सारखी पडते म्हणून वायरमनकडून ती बायपास करून घेतलेली घरं मी पाहिली आहेत. कळकळीने सांगतो, हे करू नका, आणि कुणी केलं असेल तर आजच पूर्ववत करून घ्या. पत्र्याची पन्हळ लाकडी वाशांवर टांगलेली असते, तिला अर्थिंग नसतं. वायरचं प्लास्टिक कुठे चिरलं आणि फेज पत्र्याला टेकला तर अख्खी पन्हळ, आणि खाली येणारा पाइप पत्र्याचा असेल तर तोही, जिवंत होतो, म्हणजे त्यात वीज उतरते. करंटला जमिनीत जायला वाट नसेल तर काहीच पडत नाही, दिवे मजेत चालू राहतात. ओल्या अंगणात अनवाणी उभं राहून कुणी त्या पाइपाला हात लावला की वाट तयार होते. आरसीसीबी असेल तर त्या क्षणी वीज तुटते. नसेल तर एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण माणसाचा जीव घ्यायला लागणारा करंट ६ अँपिअरच्या जवळपासही नसतो.

दोष शोधताना माळांचे नुसते स्विच बंद करून भागत नाही. पिना सॉकेटमधून उपटून काढा. स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. न्यूट्रलची वायर ओल्या पत्र्याला टेकली असेल आणि घरात फ्रीज किंवा पंप चालू असेल तर स्विच बंद असलेल्या माळेमुळेही आरसीसीबी पडते. ‘माळ तर बंद होती, मग पडली कशी?’ हा प्रश्न पुष्कळांना पडतो, त्याचं उत्तर बहुधा हेच. सगळ्या पिना काढून आरसीसीबी वर करा. तरीही पडत असेल तर दोष माळेत नाही, घरच्या वायरिंगमध्ये किंवा दुसऱ्या उपकरणात आहे. राहिली तर एकेक माळ लावत जा. एक एक करून सगळ्या चालतात आणि एकत्र लावल्या की पडते, असंही होतं. प्रत्येकीची थोडी थोडी गळती मिळून बेरीज १५-२० मिलिअँपिअरच्या वर जाते. अशा वेळी सगळ्यात जुनी आणि सगळ्यात ओली माळ बाजूला ठेवून बघा.

पडण्याची वेळही पुष्कळ सांगते. पाऊस सुरू झाल्याबरोबर पडते तेव्हा कुठेतरी उघडा जोड आहे. तासाभराने पडते तेव्हा पाणी हळूहळू साचतं आहे, बहुधा दिव्यांची उघडझाप करवणाऱ्या कंट्रोलरच्या पेटीत किंवा पानांनी तुंबलेल्या पन्हळीत. पाऊस नसताना पहाटे पडते तेव्हा दंव. समुद्राजवळच्या घरांत हे जास्त दिसतं, कारण वायरवर आणि सॉकेटवर खाऱ्या हवेचा बारीक थर बसतो आणि तो ओलावा धरून ठेवतो.

आता हाताने तपासायची जागा. माळ उतरवली की आधी ती पन्हळीला कशाने बांधली होती ते बघा. गवंडी सळया बांधायला वापरतात ती बाइंडिंग वायर असेल तर दोष तिथेच सापडायची शक्यता सगळ्यात जास्त. घरात कुठेतरी ती पडलेली असतेच, पक्कडीने दोन पीळ दिले की माळ घट्ट बसते, म्हणून सगळे तीच घेतात. वाऱ्याने माळ हलते तशी ती तार करवतीसारखी प्लास्टिकवर घासत राहते. एका घरी अशी गाठ सोडवली तेव्हा हिरव्या वायरवर नखाने ओरखडा काढावा तेवढीच चीर होती. भिंग लावल्याशिवाय तांबं दिसत नव्हतं. पण त्या चिरेभोवतीचा पत्रा काळपट पडला होता आणि पाऊस आला की ट्रिप तिथूनच होत होता. उघडी लोखंडी तार माळेला कधीही लावू नका, मग पन्हळ पत्र्याची असो वा पीव्हीसीची.

पाण्याला वाट दाखवा

पाणी वायरवरून उताराकडे धावतं आणि सगळ्यात खाली जे असेल त्यात शिरतं. पन्हळीपासून पडवीतल्या सॉकेटकडे वायर तिरकी खाली आली की पावसाचं पाणी सरळ सॉकेटमध्ये पोचतं. त्यामुळे वायर सॉकेटच्या खाली वीतभर नेऊन मग वर वळवा. थेंब त्या वळणावर गळून पडतात. प्रत्येक जोडाला, प्रत्येक पेटीला हा वळसा द्या. याला पैसे लागत नाहीत, आणि माझ्या मते पावसाळी माळेतला सगळ्यात उपयोगी उपाय हाच.

कंट्रोलरची पेटी साधारणपणे जलरोधक नसते, माळेच्या खोक्यावर काहीही छापलेलं असो. ती वळचणीला न टांगता पडवीत आत, बोर्डाशेजारी ठेवा. बाहेर ठेवावीच लागली तर वायरी खालून आत शिरतील अशी लटकवा. पेटीला प्लास्टिकची पिशवी घट्ट गुंडाळून दोरा बांधायची पद्धत आहे. तिने आत गेलेलं पाणी आणि वाफ तिथेच कोंडून राहते. पिशवी घालायचीच तर खालून उघडी ठेवा.

दोन माळा एकमेकींना जोडायच्या पिना आणि शेवटच्या माळेचं मोकळं राहिलेलं टोक, या दोन जागा सगळेच विसरतात. त्या मोकळ्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात. त्याला टोपण नसेल तर रबर टेपचे वेढे द्या आणि तोंड खाली करा. नेहमीची काळी इन्शुलेशन टेप पावसात तग धरत नाही. तिच्या कडेने पाणी ओढलं जातं आणि आत साचतं. ताणून लावल्यावर स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबर टेप हार्डवेअरच्या दुकानात मिळते, किंवा आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी) वापरा.

नवी माळ घेताना आयपी आकडा बघा, धूळ-पाण्यापासून किती संरक्षण आहे ते तो सांगतो. आयपी २० म्हणजे पाण्यापासून काहीच संरक्षण नाही, ती घरातल्या मखरासाठी. आयपी ४४ सगळ्या बाजूंनी उडणारे शिंतोडे सोसते, वळचणीखाली चालते. उघड्यावर थेट पावसात लावायची तर आयपी ६५. हा आकडा दिव्यांना आहे की पिनेसकट सगळ्या माळेला, तेही विचारा. पुष्कळदा दिवे ६५ चे आणि पिन घरातली असते. ज्यांच्याकडे लहान मुलं पडवीत खेळतात किंवा पन्हळ पत्र्याची आहे त्यांनी अडॅप्टरवर चालणारी २४ किंवा ३१ व्होल्टची माळ घ्यावी, असं मी आग्रहाने सांगतो. अडॅप्टर आत कोरड्यात राहतो आणि बाहेर जे भिजतं त्यात जीवघेणा दाब (व्होल्टेज) नसतो.

झोळ का पडतो

चिकटपट्टी किंवा चिकट क्लिपा पन्हळीवर टिकत नाहीत, याचं कारण नुसतं पाणी नाही. पावसाळ्यात पन्हळीवर शेवाळाचा न दिसणारा पातळ थर असतो, पट्टी त्या थराला चिकटते. ऑक्टोबरच्या उन्हात पत्रा हाताला चटका बसेल इतका तापतो आणि पट्टीचा गोंद किंवा ग्लू गनचा गोंद मऊ पडतो. पीव्हीसीची पन्हळ तर लांबीलाही वाढते: ६ मीटरच्या तुकड्याचं तापमान २५ अंशांनी वाढलं की तो सुमारे १ सेंटिमीटर लांब होतो आणि रात्री पुन्हा आखडतो. माळ जागोजाग घट्ट चिकटवलेली असेल तर रोज ही ओढाताण होते, आणि सगळ्यात कच्ची क्लिप आधी सुटते. एक सुटली की तिचा भार शेजारच्या दोघींवर येतो, मग रांगच सुटत जाते.

स्क्रू मारण्याचा मोह होतो. पत्र्याच्या पन्हळीला भोक पाडलं की जस्ताचा थर तुटतो, कडेने गंज धरतो आणि दोन पावसाळ्यांत तिथून धार लागते. दिव्यांसाठी पन्हळीला एकही भोक पाडू नये.

मला सगळ्यात भरवशाची वाटलेली पद्धत अशी. माळ पन्हळीच्या काठावर न लावता पन्हळीच्या पोटाखाली, मागच्या बाजूला न्यायची. छपराचं पाणी पन्हळ झेलते, त्यामुळे तिच्याखालची जागा बाहेरच्या काठापेक्षा पुष्कळ कोरडी असते. वायर पत्र्याला टेकत नाही. प्रकाश पन्हळीच्या तळावर पडून अंगणात मऊसर उतरतो, तो डोळ्यांवर येणाऱ्या उघड्या दिव्यांपेक्षा मला तरी जास्त आवडतो.

त्यासाठी दोन्ही टोकांच्या वाशांना, किंवा वाशांच्या तोंडाला ठोकलेल्या फळीला, एकेक आय हूक (गोल डोळ्याचा स्क्रू) पिळून बसवा. फॅब्रिकेशनचं, म्हणजे लोखंडी पाइपांवरचं छप्पर असेल तर भोक पाडायचं कारणच नाही, पाइपाभोवती जाड केबल टायचा वेढा पुरतो. दोन हुकांमध्ये कपडे वाळत घालायची प्लास्टिक चढवलेली तार ताणा. एका टोकाला छोटा टर्नबकल (फिरवून तार ताणायचा स्क्रू) लावला तर ताण हवा तेव्हा वाढवता येतो. तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) दिसत नाही म्हणून लोकांना आवडतो, पण तो ताणाखाली लांबतो आणि उन्हाने कडक होऊन तुटतो, त्यामुळे मुख्य तारेसाठी नको.

मधले आधार किती? तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसत्या जोराने सरळ करायला जाल तर हूक उपटून येईल. ताण तेवढाच ठेवून दोन आधारांमधलं अंतर निम्मं केलं तर झोळ चौथाईवर येतो. म्हणजे ४ फुटांवर २ सेंटिमीटर झोळ असेल तर २ फुटांवर अर्धा सेंटिमीटर, जो खालून दिसतही नाही. वासे साधारण तेवढ्याच अंतरावर असतात, तेव्हा प्रत्येक वाशाला एक छोटा हूक लावायला हरकत नाही.

मग माळ त्या तारेला काळ्या केबल टायने बांधा. पांढरे टाय उन्हात लवकर ठिसूळ होतात. टाय वायर तारेवर सरकेल इतपतच आवळा आणि दर दोन टायमध्ये माळेची वायर बोटभर सैल सोडा. ताण सगळा तारेवर, माळेवर काही नाही. कोपऱ्यावर वायर काटकोनात मोडू नका, मोठा वळसा द्या. विझणाऱ्या माळा बऱ्याचदा कोपऱ्यावरच तुटलेल्या असतात.

घर रस्त्यापासून लांब आहे आणि लांबून दिसावेत म्हणून दिवे काठावरच हवेत, असंही असू शकतं. मग पन्हळीच्या दुमडलेल्या काठावर बसतील अशा क्लिपा करता येतात. वायरिंगच्या पीव्हीसी पाइपाचे दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे कापा आणि प्रत्येकाला एका बाजूने उभी चीर द्या. काठावर दाबलं की तुकडा पकडून बसतो, भोक नाही, गोंद नाही, आणि पन्हळ वाढली-आखडली तर सरकतोही. पाइप आणायच्या आधी काठाची जाडी मोजा, सैल तुकडा वाऱ्याने उडतो. पन्हळीला पाण्यासाठी उतार दिलेला असतो, त्यामुळे काठावरची माळ लांबून तिरकी दिसू शकते. ते तुमच्या बांधणीचं चुकलेलं नाही.

माळ पन्हळीच्या आत ठेवणं हा मात्र उपायच नव्हे. आंब्याची पानं आणि माडाचा कचरा अडकून पाणी तुंबतं आणि माळ त्यात बुडून राहते. कुठलीही पद्धत धरा, आधी पन्हळ साफ करा.

अर्धीच माळ विझली

विझलेला भाग कुठे आहे त्यावरून कारण ओळखता येतं. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात आणि घरात २३० येतात, म्हणून पुष्कळ एलईडी एकामागे एक जोडून त्यांचे गट केलेले असतात. मधलाच एक पट्टा काळा असेल आणि पुढचे दिवे चालू असतील तर त्या गटातला एक एलईडी गेला आहे किंवा त्याचा पाय गंजला आहे. एका ठिकाणापासून पुढचं सगळंच काळं असेल तर तिथला जोड किंवा वायर तुटली आहे. अडॅप्टरच्या माळेत शेवटचे दिवे नुसते मंद असतील तर बहुधा एकामागे एक जास्त माळा जोडल्या आहेत आणि टोकापर्यंत पुरेसा दाब पोचत नाही.

काळ्या पट्ट्यात पिन काढून एकेक एलईडी हाताने बघा. ज्याच्या बुडाशी हिरवट थर दिसतो किंवा जो सैल हलतो, तो बहुधा दोषी. निकामी माळेतला त्याच रंगाचा एलईडी काढून तिथे डाग देऊन बसवा, वर स्लीव्ह चढवा. मेलेला एलईडी कापून दोन वायरी एकत्र पिळायचा जुगाड बरेच जण करतात. एकदा केला तर चालून जातं. पण दर वेळी उरलेल्यांवरचा दाब वाढतो आणि मग ते भराभर जातात.

स्विच बंद केल्यावरही माळ मिणमिणत असेल तर बहुधा स्विचमध्ये इंडिकेटरचा छोटा दिवा आहे, त्यातून जाणारा किंचित करंट एलईडीला पुरतो. इंडिकेटर नसेल तर स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेला असू शकतो. त्याकडे दुर्लक्ष करू नका: अशा घरात स्विच बंद असतानाही माळेत फेज असतो. वायरमनकडून ते बदलून घ्या.

माकडांचा उपद्रव असलेल्या गावात काठावरची माळ टिकतच नाही, माळ ओढून बघितल्याशिवाय माकडं पुढे जात नाहीत. पन्हळीखालची माळ त्यातल्या त्यात वाचते. वळचणीत उंदरांचा वावर असेल तर भिंतीच्या माथ्यावरून जाणारी वायर पीव्हीसी पाइपातून न्या.

वर चढण्याआधी

शिडी पन्हळीला टेकवू नका. पीव्हीसी तडकते, पत्रा दबतो आणि शिडी बाजूला घसरते. भिंतीला किंवा भक्कम खांबाला टेकवा. दर ४ फूट उंचीला पाय १ फूट बाहेर, आणि खाली धरायला माणूस हवाच. ओल्या कौलांवर पाय देऊ नका. घरात येणारी सर्व्हिस वायर बहुतेक घरांत वळचणीजवळूनच येते. तिला माळ बांधू नका, ॲल्युमिनियमची शिडी तिच्या जवळ नेऊ नका. चाकरमानी मुंबईहून येतात आणि चतुर्थीच्या आदल्या रात्री पावसात, अंधारात हे काम करायला घेतात. नागपंचमीच्या सुमारास, उघडीप असेल त्या दुपारी, तार आणि हूक तेवढे लावून ठेवले तर आदल्या दिवशी फक्त माळ टांगायची राहते. बांधणी चालू असताना पिन सॉकेटमध्ये नको. लावून झालं की आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबून ती पडते का बघा.

तार आणि हूक वर्षभर राहू द्या, पण माळ त्रिपुरी पौर्णिमेनंतर उतरवा. उन्हाळ्यातल्या उन्हाने वायरचं प्लास्टिक तडकतं आणि पुढच्या पावसात तीच माळ ट्रिप करते. उतरवल्यावर ओल्या फडक्याने मिठाचा थर पुसा, सावलीत पूर्ण वाळवा, पुठ्ठ्यावर सैल गुंडाळा आणि कुठल्या बाजूची ते चिठ्ठीवर लिहून अडकवा. डबा वळचणीला किंवा माळ्यावर न ठेवता घरात कोरड्यात ठेवा, आणि पुढच्या गणपतीला वर चढवण्यापूर्वी ती जमिनीवर पसरून तासभर लावून बघा.